सुट्टीत शाळेच्या बँडचा ट्रंपेट घरी आलाय, सराव कसा टिकवायचा? (फ्लॅट, शेजारी वगैरे अडचणींसकट)

चौथा_मजला

नमस्कार. धागा योग्य विभागात काढलाय की नाही माहीत नाही, चुकला असेल तर अ‍ॅडमिनने हलवावा.

लेक जूनमध्ये आठवीत जाईल. वर्षभर शाळेच्या बँडमध्ये ट्रंपेट वाजवतेय, वाद्य शाळेचंच. यंदा सरांनी उन्हाळ्याच्या सुट्टीत वाद्यं घरी न्यायला परवानगी दिलीये, कारण शाळा उघडली की लगेच १५ ऑगस्टची तयारी आणि दरवर्षी म्हणे जूनमध्ये निम्म्या मुलांना परत पहिल्यापासून शिकवावं लागतं. रोज वाजवा नाहीतर ओठ जातील एवढं सांगून सर गावाला गेले. आता आमच्या घरात वाद्य म्हणजे सासऱ्यांची जुनी पेटी, ती पण माळ्यावर, आणि मला सा आणि प वेगळे आहेत हे ऐकून कळतं एवढंच माझं संगीत.

तर रोज किती वेळ वाजवायचं, काय वाजवायचं (राष्ट्रगीत, दोन मार्च आणि एक देशभक्तिपर गाणं येतं, तेच तेच वाजवत बसते), आणि मुख्य म्हणजे कुठे वाजवायचं? आम्ही कोथरूडला सोसायटीत राहतो, भिंती कशा असतात तुम्हाला माहितीये, शेजारच्यांचा मिक्सर ऐकून आज त्यांच्याकडे चटणी ओली की कोरडी ते सांगता येतं. पहिल्याच दिवशी खालच्या काकूंचा फोन आला, "सगळं ठीक आहे ना गं?" मी ओळखायचं ते ओळखलं.

क्लास सुचवू नका प्लीज, मध्ये पंधरा दिवस गावाला पण जायचंय. घरच्या घरी काय करता येईल ते सांगा.

---

साबुदाणा

पुण्यात. सोसायटीत. ट्रंपेट. दुपारी १ ते ४ सोडून कधीही वाजवा, जिवंत राहाल. जाणकार येतीलच, तोवर मी चहा टाकतो.

---

पितळी

चौथा_मजला ताई, तुमचे सर बरोबर बोलले. ट्रंपेटमध्ये आवाज तयार होतो तो ओठांच्या थरथरण्यातून, नळी फक्त तो मोठा करते आणि कुठल्या सुरांवर थरथरायचं ते ठरवते. त्यासाठी ओठाच्या कडेचे जे स्नायू लागतात ते मुलांमध्ये वर्षभरात जेमतेम तयार झालेले असतात, दोन-तीन आठवडे हात लावला नाही की आधी वरचे सूर जातात मग दम जातो. बोटं विसरत नाहीत हो, तीनच तर बटणं आहेत.

म्हणून रोज थोडं. रविवारी दोन तास आणि बाकी सहा दिवस डबा बंद, हे अजिबात नको. तिच्या वयाला वीस मिनिटं पुष्कळ झाली आणि ती पण सलग नाही, जेवढा वेळ वाजवलं तेवढाच वेळ ट्रंपेट मांडीवर ठेवून गप्प बसायचं. ओठ थकले की मुलं काय करतात, माऊथपीस तोंडावर दाबून वरचा सूर काढतात, सूर निघतो त्यामुळे वाटतं जमलं, आणि ती सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. वाजवून झाल्यावर ओठावर लाल गोल वळ उठतोय आणि बराच वेळ जात नाहीये असं दिसलं तर समजा दाबतेय.

आता काय वाजवायचं. सुरुवातीला लांब सूर, एकच सूर, हळू सुरू करायचा, मनात आठ मोजेपर्यंत एकसारखा धरायचा, हळू सोडायचा. मग काही दिवसांनी दहा, बारा. कंटाळा येतो, कबूल, पण तुटका सूर आणि भरीव सूर यातला फरक इथेच पडतो. त्यानंतर एकही बटण न दाबता खालच्या सूरावरून त्याच्या वरच्या सूरावर जायचं आणि परत यायचं, जीभ न लावता, फक्त ओठ आणि हवा. याला लिप स्लर म्हणतात. मग तेच दुसरं बटण दाबून, मग पहिलं, मग पहिलं-दुसरं, दुसरं-तिसरं, पहिलं-तिसरं, शेवटी तिन्ही, दर वेळी सगळं अर्ध्या सूराने खाली सरकतं. बिगुलवाल्यांना तर बटणंच नसतात, सगळे कॉल ते या ओठांच्या चार-पाच सूरांत वाजवतात. हे पंधरवडाभर केलं की राष्ट्रगीतातल्या वरच्या जागा आपोआप सुटतील, वेगळं काही करायला नको.

आवाजाचं: प्रॅक्टिस म्यूट मिळतो, भोंग्यात बसतो, आवाज खोलीपुरता होतो. पण हवा अडते आणि सूर थोडा चढतो, कायम त्यावरच वाजवलं तर मुलं नको तितका जोर लावायला शिकतात. आठवड्यातून दोन-तीनदा तरी मोकळा वाजलाच पाहिजे. फुकटचा उपाय म्हणजे कपाट उघडा आणि गोधड्या-ब्लँकेटांकडे भोंगा करून वाजवू द्या, बराच आवाज त्यात मुरतो.

गावाला जाताना ट्रंपेट नेऊ नका, एसटीत आपटला तर डिपॉझिट जाईल. नुसता माऊथपीस न्या. त्यात ओठ थरथरवून वर-खाली सायरनसारखा आवाज काढायचा, रोज पाच मिनिटं. ओठ जागेवर राहतात.

---

चौथा_मजला

पितळी, केवढे आभार! कपाटाची आयडिया लगेच करून बघितली, आवाज खरंच कमी झाला, आता फक्त गोधड्या धुवायच्या राहिल्यात त्या आठवल्या.

एक शंका. मी मोबाइलवर ट्यूनर घेतला. ती म्हणते मी सी वाजवतेय आणि ट्यूनर बी फ्लॅट दाखवतोय. दर वेळी. वाद्य बिघडलंय का? शाळेला कळवू का?

---

बारा_मात्रा

कळवू नका, वाद्य ठणठणीत आहे :) मी गाण्यातली, बँडमधली नाही, पण भाचा ट्रंपेट वाजवायचा त्यामुळे हा गोंधळ घरात होऊन गेलाय. ट्रंपेट हे बी फ्लॅटचं वाद्य, कागदावरचा सी वाजवला की ऐकू येतो बी फ्लॅट. म्हणजे पेटीवर बघितलं तर काळी पाच, पाचवी काळी पट्टी.

आणि इथेच तुमचं काम सोपं होतं. तानपुऱ्याचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, काळी पाच लावा, पंचमावर ठेवा. लेकीचा सी म्हणजे आता सा झाला. लांब सूर तानपुऱ्यावर वाजवायला सांगा. ट्यूनरचा काटा बघत वाजवलं की मुलं डोळ्यांनी सूर लावतात, काटा गेला की सूरही गेला. तानपुऱ्यावर कानच लावावा लागतो, आणि तुम्हाला सुद्धा स्वयंपाकघरातून कळेल लागला की नाही, कारण सा मिसळला की घुमतो आणि नाही मिसळला की मध्ये एक वॉव-वॉव ऐकू येतं.

भाच्याच्या वहीतून बोटं देते: सा मोकळा, रे ला पहिलं-तिसरं, ग पहिलं-दुसरं, म फक्त पहिलं, प मोकळा, ध पहिलं-दुसरं, नी दुसरं, वरचा सा मोकळा. ग आणि ध ला बोटं एकच, प आणि वरच्या सा ला काहीच दाबायचं नाही, कुठला सूर निघणार ते ओठ ठरवतात. एवढ्यावर भूप राग अख्खा बसतो. अलंकार करू दे, सारेग रेगम गमप, आमच्या गाण्याच्या मुली करतात तेच. यमन हवा असेल तर तीव्र म फक्त दुसऱ्या बटणावर.

इतर वाद्यांची मुलं असतील त्यांच्यासाठी: क्लॅरिनेट बहुतेक शाळांत बी फ्लॅटच असतो, तिथेही काळी पाच. आल्टो सॅक्सोफोनचा सी काळी दोनवर येतो. फ्लूटला पांढरी एक. आणि माळ्यावरची पेटी काढाच, सूर शोधायला बरी, फक्त तिचा गंधार तानपुऱ्याच्या गंधारापेक्षा चढा असतो, त्यावरून लेकीला रागवू नका.

---

पितळी

बारा_मात्रा, हे आमच्या बँडमध्ये कुणी शिकवलं असतं तर! जोड एकच: पहिलं-तिसरं दाबून येणारा जो रे आहे तो मुळातच चढा लागतो, तिचा दोष नाही. तिसऱ्या नळीला एक कडी असते, डाव्या हाताचं बोट त्यात असतं, त्या सूराला नळी जराशी पुढे सरकवायची. तानपुरा चालू असला की किती सरकवायची ते कळतं. शाळेच्या वाद्यात ती नळी बहुधा जाम असते, आधी स्लाइड ग्रीस लावून मोकळी करा.

---

मिनी_माऊ

धागा हायजॅक करतेय, माफी. आमचं चिरंजीव साइड ड्रम. शाळा ड्रम घरी देत नाही (बरंच आहे), दोन काठ्या दिल्यात. सध्या सोफ्याच्या उशा बडवतो. याने काही फायदा होतो का की नुसताच कापूस?

---

नदीपात्र

होतो पण अर्धवट. मी पथकात ताशा वाजवतो आणि शाळेत साइड ड्रम वाजवायचो, दोन्ही केलंय म्हणून सांगतो. उशीवर काठी परत उसळत नाही, प्रत्येक ठोका मनगटाने उचलावा लागतो, त्यामुळे मनगट तयार होतं. पण साइड ड्रमचा डबल स्ट्रोक रोल अख्खा त्या उसळीवर चालतो, एक ठोका मारायचा आणि दुसरा उसळीतून घ्यायचा, तो उशीवर कधीच यायचा नाही. म्हणून पॅड लागतो. विकत मिळतो, नाहीतर प्लायवूडचा तुकडा घ्या आणि वर जाड रबर चिकटवा, पंक्चरवाल्याकडे जुन्या ट्यूबचा तुकडा मागितला तर देतो. खाली जाड टॉवेल, म्हणजे टेबल वाजणार नाही.

रोज करायचं: सिंगल स्ट्रोक (उजवा डावा उजवा डावा), डबल (उजवा उजवा डावा डावा), आणि पॅराडिडल म्हणजे उजवा डावा उजवा उजवा, डावा उजवा डावा डावा. तीन गोष्टी, मेट्रोनोमवर (टकटक ठोके देणारं अ‍ॅप), मिनिटाला ६० ठोक्यांपासून. आणि ६० वर स्वच्छ आलं तरच ६४. पोरं दुसऱ्याच दिवशी १४० वर जातात आणि डावा हात लंगडत असतो, ते ऐकू येत नाही त्यांना. मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐकवा, लगेच कळतं. डाव्या हाताने दात घासायला लावा, जेवू मात्र उजव्यानेच दे नाहीतर आजी माझ्या नावाने ओरडेल.

आणि ताशाचा नाद असेल तर तो वेगळा ठेवा. ताशाच्या काठ्या बारीक, पकड वेगळी, दोन्ही चालू ठेवता येतं पण एका बैठकीत मिसळलं की दोन्हीकडे घोळ होतो.

---

खडकी_रिटायर्ड

धागा वाचून राहवलं नाही. फौजी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवण्यात नोकरी गेली, पचमढीला मिलिटरी म्युझिक विंगमध्ये शिकलो, २९ जानेवारीला विजय चौकात बीटिंग रिट्रीटला वाजवलंय. वर सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण एक गोष्ट कोणी बोललं नाही. ही मुलं १५ ऑगस्टला वाजवणार ती चालत. घरी पलंगावर बसून उत्तम वाजवणारं पोर मैदानावर दहा पावलांत सूर सोडतं, कारण श्वास आणि पाय यांची ओळखच झालेली नसते.

क्विक मार्च म्हणजे मिनिटाला १२० कदम. मेट्रोनोम १२० वर लावा, वाद्य खाली ठेवा, जागेवर कदमताल करत आपली धून तोंडाने म्हणायची, डावा पाय पहिल्या ठोक्यावर. ते जमलं की वाद्य हातात घेऊन बोटं चालवायची पण फुंकायचं नाही. मग शेवटी फुंकायचं. पाय आपटायचा नाही ताई, विशेषतः ट्रंपेटवालीने, माऊथपीस दातावर बसतो. श्वास कुठे घ्यायचा ते कागदावर पेन्सिलने खूण करा आणि दर वेळी तिथेच घ्या.

राष्ट्रगीत ५२ सेकंदांचं असतं. मोबाइलचं स्टॉपवॉच लावून बघा. बहुतेक शाळांचं मिनिटाच्या वर जातं, सगळे भावनेच्या भरात शेवट ओढतात.

क्लॅरिनेटवाल्या मुलांना: वाजवून झालं की रीड (माऊथपीसवरची वेताची पातळ पट्टी) काढा, पुसा, तिच्या डबीत सपाट ठेवा. माऊथपीसवर तशीच ठेवली की वाकडी होते, बुरशी धरते, आणि पावसाळा आलाच आहे. एकाच रीडवर महिना काढू नका, दोन-तीन आलटून पालटून वापरा. सांध्याच्या कॉर्कला ग्रीस लावा, कोरडा जोर करून फिरवला तर कॉर्क फाटतो आणि चाव्या वाकतात.

---

साबुदाणा

चौथ्या मजल्यावर १२० ने कदमताल!! खालच्या काकूंचा फोन नाही, आता थेट भेट.

काका, सॅल्यूट बाकी. बीटिंग रिट्रीटचे किस्से येऊ द्या, वेगळा धागा काढा.

---

रसगुल्ला

थोडा विरोधी सूर लावते. मी शाळेत ट्रॉम्बोन वाजवायचे. सुट्टीत घरी नुसते लांब सूर आणि स्केल, आईने घड्याळ लावून बसवायचं, नववीत मी सोडून दिलं आणि आजवर परत हातात धरला नाही. तुमचे सगळे सल्ले शास्त्रशुद्ध असतील पण तेरा वर्षांच्या मुलीने एप्रिल-मेच्या उकाड्यात कपाटात तोंड घालून सा धरून का उभं राहावं? तिला आवडणारं एखादं गाणं कानाने शोधू दे. चुकीचं वाजवू दे. ते शोधताना ती आपोआप शंभर वेळा वर-खाली जाते, तुमचा लिप स्लर त्यातच झाला की.

---

पितळी

नाही झाला. गाणं शोधताना मूल सूर गाठायच्या मागे असतं, कसा गाठला याकडे लक्ष नसतं, दाबून गाठला तरी त्याला चालतो. पण सोडून दिलंत हे वाचून वाईट वाटलं, आणि घड्याळ लावून बसवणं मलाही पटत नाही. आधी सात-आठ मिनिटं ओठांचं काम, मग उरलेला वेळ तिचा, काय हवं ते वाजवो, मध्ये कोणी बोलायचं नाही. उलट क्रम नको, गाण्यात ओठ दमले की लांब सूर लांबत नाहीत.

गाणी कानाने काढायला मात्र हवीतच. विसर्जन मिरवणुकीत मानाच्या गणपतींपुढे प्रभात बँड, दरबार बँड वाजतात तेव्हा ढोल सोडून एकदा त्यांच्याजवळ उभं राहून बघा. आरती असो, अभंग असो, नाट्यगीत असो, क्लॅरिनेट-ट्रंपेटमधून शब्द ऐकू येतात. सूर कुठे जोडायचा आणि कुठे तोडायचा ते लेकीला तिथे अर्ध्या तासात कळेल, मला लिहून सांगता येणार नाही.

---

टेकडीवरचा

जागेचं उत्तर सोपं आहे की. सकाळी सहाला वेताळ टेकडी. कोथरूडवरून किती लांब? मोकळी हवा, पाहिजे तेवढं फुंका.

---

बारा_मात्रा

कृपया नको. आम्ही टेकडीवर मोर ऐकायला जातो. आधीच लोक ब्लूटूथ स्पीकर घेऊन चढतात, त्यात ट्रंपेट.

---

नदीपात्र

टेकडी नकोच. गणपतीच्या आधी आमची पथकं नदीपात्रात सराव करतात, तिथे ट्रंपेट कोणाच्या खिजगणतीत पण नाही, पण मे महिन्यात दुपारी तिथे उभं राहणं म्हणजे शिक्षा. पार्किंगमधली गाडी बघा, काचा बंद करून मागच्या सीटवर, संध्याकाळी. सोसायटीत कोणाला ऐकू येत नाही. पण दहा मिनिटंच, बंद जागेत ट्रंपेट सहज १०० डेसिबलच्या वर जातो, कानाला बरं नाही. आणि उन्हात उभी असलेली गाडी नको, पोर भाजेल.

रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर वाद्य वाजवायला कायद्याने मनाई आहे हे लक्षात असू द्या, म्हणजे गच्चीवरचा बेतही त्या वेळेत नाही.

---

चौथा_मजला

वाचतेय सगळं, उत्तरं उशिरा देतेय. आता असं चाललंय: संध्याकाळी साडेसहाला, आधी काळी पाचवर लांब सूर आणि ते न दाबता वर-खाली, मग तिचं तिचं. भूप तिने स्वतःच वाजवून बघितला आणि त्यातून एक भावगीत सापडलं, त्याच्या मागे लागलीये, रसगुल्ला तुमचंही ऐकलं म्हणायला हरकत नाही. कदमताल गॅलरीत चटईवर, अनवाणी. राष्ट्रगीत मोजलं, काका, ६८ सेकंद!! आणि खालच्या काकूंना मी सरळ जाऊन वेळ विचारून आले, त्या म्हणाल्या साडेसहाला मी फिरायला जाते, खुशाल वाजवू दे. हे आधीच विचारायला काय झालं होतं कोण जाणे.

नवीन प्रश्न दोन. जुलैत तिला ब्रेसेस लागणारेत, मग ट्रंपेट बंद का? आणि मधलं बटण खाली गेलं की हळूहळू वर येतं.

---

पितळी

बंद नाही. ब्रेसेस लागल्यावर सुरुवातीचे काही आठवडे वरचे सूर जातील आणि ओठ आतून सोलवटतील, डेंटिस्टना आधीच सांगा की मुलगी ट्रंपेट वाजवते, ते मेण देतात तारांवर लावायला. तेवढे दिवस खालचे सूर, कमी वेळ. दाबून वाजवणाऱ्यांना जास्त त्रास होतो, म्हणून आत्ता दोन महिने मिळालेत ते न दाबता वाजवण्यातच घालवा. १५ ऑगस्टला वरचा भाग दुसऱ्या कोणाला देता येईल का हे सरांशी जूनमध्येच बोलून ठेवा, ऐनवेळी नको.

बटणाचं म्हणजे तेल नाहीये. व्हॉल्व्ह ऑइल आणा, वाद्यांच्या दुकानात मिळतं, खोबरेल किंवा मशीनचं तेल घालू नका, चिकट होऊन जाम होतं. वरची टोपी फिरवून व्हॉल्व्ह सरळ वर काढा, चार-पाच थेंब, तसाच परत आत आणि हलकेच फिरवून खट्ट आवाज आला की टोपी. एका वेळी एकच काढा. तिघांवर १, २, ३ कोरलेलं असतं, अदलाबदल झाली तर हवाच जाणार नाही आणि तुम्हाला वाटेल मोडला. शाळांकडे बहुतेक मेरठच्या जाली कोठीत बनलेली स्वस्त वाद्यं असतात, त्यात आकडे पुसट असतात, नीट बघा.

---

मिनी_माऊ

पंक्चरवाल्याने ट्यूब फुकट दिली! पॅड झाला, टॉवेल घातला, आता फक्त टकटक येते. पॅराडिडल ६० वर चालू आहे, मधूनच ९० ऐकू येतो, मी ओरडते, परत ६०.

पितळी, परत देण्याआधी ट्रंपेट धुवायचा असतो का? मैत्रिणीच्या मुलीचा पण घरी आहे, ती विचारतेय, गरम पाण्यात डेटॉल घालून चालेल का म्हणे.

---

पितळी

गरम पाणी नको, वरचं लॅकर (चमकीचा थर) निघतं. डेटॉलही नको. तिन्ही व्हॉल्व्ह काढून बाजूला ठेवा, त्यांना वर बटणाखाली फेल्ट असतं ते भिजू देऊ नका. बादलीत कोमट पाणी आणि भांडी घासायचं लिक्विड अगदी थोडं, नळ्या आतून लवचिक ब्रशने, ब्रश नसेल तर नुसतं पाणी खेळवा. मग सुती कापडावर रात्रभर सुकू द्या, ग्रीस, तेल, जोडणी. माऊथपीस अडकला असेल तर पकड लावू नका, नळी पिळते, दुकानात पुलर असतो, दोन मिनिटांत काढून देतात.